करंगळीचा भरवसा

१२ एप्रिल
चिरंजीव नचिकेतने दुकानात डिजिटल थर्मामीटर आणला. म्हणे, बाबा, विरजण लावताना दुधाचं टेम्परेचर बेचाळीस पाहिजे. अरे, सायकलला कॅन बांधून सुरुवात केली. तीस वर्षं अख्ख्या छत्रीबाग मोहल्ल्याला दही खिलवलं ते या करंगळीवर. दुधात बुडवायची, सोसलं की विरजण. थर्मामीटर फळीवर ठेवला. मागे.

१५ एप्रिल
कान तिखट आहेत माझे. रांगेत सगळे टेम्परेचरच बोलतात. जयसिंगरावांच्या गच्चीवर टेम्परेचर, विनीतावहिनींच्या नातीला टेम्परेचर. आकडा सांगितला की यांना हुशार वाटतं. टेम्परेचर म्हणजे शेवटी काय? अंगाला कळतं ते. पाटीवर लिहून लावणार.

१९ एप्रिल
दही फसलं. चोथा वेगळा, पाणी वेगळं. दूधवाल्याने म्हैस बदलली असणार.

२३ एप्रिल
परत तेच. जयसिंगराव म्हणाले, भिया, हे दही आहे का मठ्ठा? मी म्हटलं, गर्मीत मठ्ठाच बरा. खूप हसले. रिकामा डबा घेऊन समोरच्या दुकानात गेले. पाटी राहिलीच.

२ मे, सकाळी ७
रांग नाही. लोक लग्नांना गेले असतील. दूध फारच कोमट लागलं म्हणून उलट जरा तापवलं. नचिकेतने फळीवरचा थर्मामीटर काढून बुडवला. अडुसष्ट. म्हटलं, सस्ता माल आणलास बेटा.

३ मे
करंगळीला फोड. दुखत अजिबात नाही. सहनशक्ती जबरदस्त. आतल्या खोलीत आमची बायको पद्मजा नचिकेतला हळूच सांगत होती, अरे, पायातली चप्पल निघून पडते तरी यांना पत्ता नसतो, आणि शुगरची गोळी विचारली की ओरडतात. सगळं ऐकू येतं मला. संकल्प: उद्यापासून डाव्या हाताची करंगळी.

५ मे
पद्मजाने डॉक्टरांकडे नेलंच. अरुंधतीबाई, आपलंच गिऱ्हाईक. म्हणाल्या, काका, डोळे मिटा, बोटांना गार-गरम लावते, सांगत जा. मी फटाफट सांगितलं. गरम. गार. गार. गरम. एकदाही अडलो नाही.
मग म्हणाल्या, काका, मी अजून काहीच लावलं नाहीये.
बांगड्या वाजल्या म्हणून डोळे उघडले. पद्मजाने माझा हात धरलेला होता.