चार नंबरची टाकी

४ फेब्रुवारी, रविवार

कारवारहून परत! चोवीस शिंपले जिवंत, समुद्राच्या पाण्याचे कॅन भरलेले. कॉलेजच्या लॅबमध्ये लाईट टिकत नाही, म्हणून चार टाक्या मैलूरच्या घरीच मांडल्या — देवघराला लागून, दुसरी जागा नाही. आईने दारातच विचारलं, "गोकर्णाला गेल्तीस?"

नाही गेले. सुधींद्रची डबी घरीच विसरले. धाकटा भाऊ, जाऊन दोन वर्षं झाली. अस्थी गाणगापूरला संगमात सोडल्या, थोडी रक्षा गोकर्णाच्या समुद्रासाठी डबीत ठेवली — त्याला समुद्र बघायचा होता. बर्फाचा डबा आठवणीने नेला, ही विसरले. आईने डबी पुन्हा देवघरात ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी

तीन टाक्यांत सोन्याचे नॅनोकण सोडले. चौथीत काही नाही, ती तुलनेसाठी. आई बघत बसलेली.

"सोनं पाजायलीस व्हय शिंपल्यांला?"

सांगितलं — शिंपला पाणी आत ओढून गाळतो. नको ते चिकट दोऱ्यांत गुंडाळून खाली टाकतो. कल्ले लवकर मोकळे होतात, पचनग्रंथीत मात्र थोडं राहतंच.

"म्हंजे सगळं जात न्हाई."

नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

७ फेब्रुवारी

सगळ्यांना स्वच्छ पाणी — समुद्राचंच, आईने विचारलं तेव्हा सांगितलं. आता बाहेर किती पडतं ते बघायचं.

९ फेब्रुवारी

सकाळी चौथी टाकी राखाडी, गढूळ! दुपारपर्यंत शिंपल्यांनी पाणी नितळ केलं. तळाशी राखाडी दोरे. नळीने ओढून मोरीत ओतले. आईवर ओरडले — उदबत्तीची राख पडली असणार. ती उठून देवघरात गेली.

दिवसभर वाटतंय, मागे कुणीतरी उभं आहे. सुधींद्र असाच न बोलता येऊन उभा राहायचा. भीती वाटली.

१० फेब्रुवारी

पुन्हा दोरे. मोरीत.

११ फेब्रुवारी

आज शिंपले उघडून पचनग्रंथी काढायच्या होत्या. सुरी लावली तर आईने मनगट धरलं.

"चार नंबरचे कापू नको, बाई."

"का?"

"सुधींद्र हाय त्यात." नळाशी डबी घासून पालथी घातलेली. "समुद्राचंच पाणी म्हणालीस. आन् सगळं जात न्हाई म्हणालीस की."

मी सुरी ठेवली. 

१२ फेब्रुवारी

चौथी टाकी प्रयोगातून काढली. उद्या दोघी गोकर्णाला, सहाही शिंपले घेऊन. आईने विचारलं, "ते दोरे कुठं ठेवलीस? तेबी न्यायचेत."

बाटलीत आहेत, म्हणाले.

ती देवळात गेल्यावर बाटली भरली. उदबत्तीच्या राखेने.