माझी हाडे कोणी धुवायची

मी, अग्लाया, कै. सोतिरिस कारादिमा यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार थेस्पिएस, थीवा शहराजवळ, हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. मार्चमध्ये मला झटका आला, तेव्हापासून माझ्या चेहऱ्याची डावी बाजू ओघळली आहे. डोके जागेवर आहे. या दोन गोष्टींची कोणी गल्लत करू नये. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागात केली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. माझे दगडी घर, मागचे अंगण आणि त्यातील लिंबाची झाडे माझी एकुलती एक मुलगी फोतिनी हिला द्यावीत. फोतिनी इओआनिना शहरात राहते, लोकांच्या मनाचे आजार बरे करते आणि बापाच्या मयतीनंतर गावात फिरकलेली नाही. घर तिला एका अटीवर मिळेल. अट कलम ६ मध्ये आहे.

कलम २. डोंगराखालची ऑलिव्हची झाडेही तिचीच. सांभाळता येत नसतील तर विकावीत, पण शेजारीण पोलिक्सेनी हिच्या जावयाला विकू नयेत. त्या घरातल्या पुरुषांना बांध सरकवायची खोड आहे. पोलिक्सेनीला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळणार नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, असा कायदा आहे, आणि मला साक्षीदार हवा आहे.

कलम ३. तीन आरशांचे शृंगारमेज कोणीही न्यावे. मार्चपासून त्यावर चादर आहे. पोलिक्सेनी सूप घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगं, घरात मयत नसताना आरसा कशाला झाकलास?"

"झालीय की मयत," मी म्हटले. "सूप ठेव आणि जा."

ती गेली नाही. बसून मला चमच्याने भरवले, आणि ओघळलेले पुसत राहिली. हे तिच्या बाजूने लिहिणे भाग आहे.

कलम ४. बैठकीतले मोठे चित्र गावच्या शाळेला द्यावे. पाद्री लेफ्तेरिस यांना आधी विचारले होते, पण उघडे खांदे चर्चच्या दालनात चालणार नाहीत असे त्यांचे म्हणणे पडले. हे चित्र पाण्यात वाकून स्वतःच्याच प्रतिबिंबाच्या प्रेमात पडलेल्या, पुराणातल्या नार्किसोसचे आहे. तो आमच्याच गावचा. अथेन्सचा एक चित्रकार त्याच्यासाठी मुलगा शोधत आला होता, पण गावातले एकही पोर एका जागी बसेना. मी बसले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. खांदे बेकरीवाल्याच्या थोरल्या मुलाचे आहेत, चेहरा माझा आहे. चित्रकार म्हणाला, "हलू नकोस असं तुला सांगावंच लागत नाही." मला कशाला हलायचे होते! पाण्यात मीच दिसत होते.

फोतिनीने फोनवर मला सांगितले की माझ्या स्वभावाला त्यांच्या शास्त्रात नाव आहे, आणि ते याच मुलाचे आहे. आईला असे सांगायचे असते का? मी चिडले. म्हटले, "तुमच्या पुस्तकवाल्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. गावातली म्हातारी माणसं वेगळी सांगायची. त्याची जुळी बहीण वारली होती. दोघं हुबेहूब. पोरगा पाण्यात तिला बघायला जायचा. स्वतःला नाही."

"मग तू कोणाला बघायचीस, आई?"

मी म्हटले, माझ्या आईला. मी लहान असताना ती गेली, तिचा एकही फोटो नाही आणि सगळे म्हणतात मी तिच्यावर गेले.  फोतिनीचा आवाजच बदलला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस गं." इतक्या मायेने ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली होती, मला आठवत नाही.

मृत्युपत्रात खोटे राहू नये. ते खरे नव्हते. मी स्वतःलाच बघत असे. मला मी फार आवडत होते, आणि मार्चपर्यंत आवडत होते. आता काय करायचे ते मला समजत नाही.

कलम ५. थडग्यावरच्या काचेच्या पेटीत ठेवायचा फोटो पाकिटात घालून ठेवला आहे. पांढरा झगा, केस मोकळे. पोलिक्सेनी तो बघून म्हणाली, "लोक विचारतील, ही एवढी तरुण कशानं गेली बाई?" विचारू देत.

कलम ६. हाडे.

आमच्या दफनभूमीत जागा थोडी, माणसे फार. तीन वर्षे झाली की कबर उघडतात. घरातली बाई आधी कवटी उचलते, पांढऱ्या रुमालावर घेते, कपाळाचा मुका घेते, मग एकेक हाड वाइनने धुऊन डब्यात भरते. बाकीच्या बाया कडेला उभ्या राहून रंग बघतात. उजळ निघाली तर पुण्यवान, काळी निघाली तर झाले. पोलिक्सेनीच्या नवऱ्याची काळपट निघाली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे मीच म्हणाले होते, "आयुष्यभर बांध सरकवले, उजळ कुठून निघणार?" आता कडेला पोलिक्सेनी असेल आणि खड्ड्यात मी.

मी पाद्रींना म्हटले, "फादर, आपल्या देशात जाळायची सोय नाही, मला बल्गेरियात नेऊन जाळा. इथे कोणी बघायला नको."

"जाळलंत तर प्रार्थना मी म्हणणार नाही, अग्लायाबाई. आणि तुमची हाडं तेवढी देवापेक्षा मोठी आहेत का?"

मग मी अट घातली: फोतिनीने स्वतः येऊन माझी हाडे धुवावीत, तरच घर. थीव्याचे नोटरी श्री. वासिलाकोस यांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "बाई, अशानं मुलगी येईल?"

"घरासाठी येईल."

"आणि घरासाठी आलेली चालेल तुम्हाला?"

मी कागद उचलले आणि बसने परत आले. चालेल, चालेल, असे वाटभर मनात घोकत होते. घरी येऊन तिला फोन केला. तिने उचलला.

"फोतिनी, तू येशील ना?"

"कशाला, आई?"

मला सांगता आले नाही. हाडांसाठी ये, असे जिवंत माणसाने कसे म्हणायचे? मी म्हटले, लिंबे पिकली आहेत. ती म्हणाली, "आई, मी कामात आहे," आणि फोन ठेवला.

तिच्या मनात एकच गोष्ट बसली आहे. आमच्याकडे गोड मुलाकडे बघितले की दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकतात. लहानपणी गावभर लोक माझ्यावर थुंकत. मी पाण्याला जाऊन लोकांच्या थुंकीनेच ओली होऊन परत येते, असे माझा बाप हसून म्हणे. फोतिनी बापाचे नाक घेऊन आली. तिच्यावर कोणी थुंकेना. ती बारा वर्षांची असताना ईस्टरला नवा झगा घालून अंगणात आली, आणि पोलिक्सेनीने, हो, पोलिक्सेनीनेच, "थू थू थू, किती गोड दिसतेय" असे सुरू केले. मी म्हटले, "राहू दे गं, हिला कोण दृष्ट लावतंय!" सगळे हसले. मी विनोद केला होता. फोतिनीही हसली. मग आत जाऊन झगा बदलून आली. मी तेव्हा खिडकीच्या काचेत माझे केस नीट करत होते, हे तिने मला तीस वर्षांनी सांगितले. मला ते आठवतसुद्धा नाही, आणि न आठवणे हेच मला आता झोपू देत नाही.

म्हणून कलम १ मधील अट मी रद्द करते. घर, अंगण, झाडे, सर्व फोतिनीचे. आली तरी, न आली तरी. कलम ५ मधील फोटोही लावू नये.

हाडे मात्र दुसऱ्या कोणी धुवायची नाहीत. पोलिक्सेनीने नाही, पाद्रींनी नाही, पैसे देऊन आणलेल्या बाईने नाही. फोतिनी आली नाही तर बेवारशांच्या खड्ड्यात, सगळ्यांच्या हाडांत माझी टाकावीत. तिथे कोणाचे कोण, कोणालाच ओळखता येत नाही. मला त्या खड्ड्याची फार भीती वाटते, हे लिहून ठेवते, पण तरीही टाकावीत.

फोतिनी, ये गं. घाबरू नकोस. त्या दिवशी कडेला सगळे गाव उभे असेल, आणि आपल्या दोघींत देखणी तूच असशील.

वरील सर्व मजकूर मी वाचून, एकही शब्द न खोडता, साक्षीदारांसमोर सही करून नोटरींच्या स्वाधीन करत आहे.

(सही) अग्लाया कारादिमा

साक्षीदार:
१. पोलिक्सेनी बार्लू, शेजारीण
२. पाद्री लेफ्तेरिस
३. स्तेलिओस गान्यास, बेकरीवाले

स्थळ: थेस्पिएस
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१७