कोपर खाली आलं तेव्हा

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी वेळेवर जेवतो, हात धडधाकट आहे. आईचे गुडघे काय म्हणतात? तिला इथपर्यंतच वाचून दाखव.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकून फेकून खांदा दमला की कोपर खाली येतं, मग चेंडू आपलं ऐकत नाही. काल माझं कोपर खाली आलेलं आमच्या झेलणाऱ्या गड्याने पाहिलं. "बस कर आता," म्हणाला. मी म्हटलं, "कोचला सांगितलंस तर बघ!"

पुढचाच चेंडू समोरच्या फलंदाजाला लागला. त्याचा डोळा गेला, ताई.

दवाखान्यात त्याची आई बसली होती. ती मला ओळखत नव्हती. माझ्या खांद्यावर बांधलेला बर्फ पाहून म्हणाली, "तुलाही लागलं का रे, बाळा?"

मी हो म्हणालो.

तुझा,
धाकटा