लाल गुलाब मळके दिसले तेव्हा

रेल्वे क्वार्टर्स, दौंड
१६ डिसेंबर १९५९

प्रिय रूथ,

तुला आईचा आणि माझा सलाम. पत्र लांब आहे, तेव्हा वॉर्डातून सुटलीस, हातपाय धुतलेस, चहा घेतलास की मगच उघड. आधी बागेची बातमी देतो. प्रत्येक पत्रात तू पहिली तीच विचारतेस, आणि या खेपेला सगळी हकिकत सुरूही बागेतूनच होते.

दसरा झाला तशी मी कात्री काढली. यंदा छाटणी जरा कडकच केली. आई म्हणाली, "अहो, झाडं ठेवताय की नुसत्या काड्या?" मी ऐकलं नाही. मुळं उघडी करून त्यांना चार दिवस ऊन दिलं, मग शेणखत, लेंडीखत भरलं आणि पाणी सोडलं. सदतीसच्या सदतीस गुलाबांना कोंब फुटले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशी बाग फुलली की रस्त्याने जाणारे येणारे कुंपणाशी सायकली टेकवून उभे राहायला लागले. पहिला आला तो पीस. ताटलीएवढं फूल, मधे लोण्यासारखं पिवळं आणि कडेला गुलाबी. त्याला वास बेताचाच, पण तोरा पाहावा. मग पॉल नेरॉन. तो नेहमीसारखा कोबीच्या गड्ड्याएवढा फुलला आणि स्वतःच्याच वजनाने मान टाकून बसला. त्याला मी बांबूचा टेकू दिला आहे. मार्शल नीलचा वेल कोळशाच्या खोपटावर चढलाय, पण तो लहरी गडी, फेब्रुवारीशिवाय कळी उघडणार नाही. आणि नळाजवळचा एडवर्ड बारा महिने फुलतोच. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद आईने तुझ्यासाठी बरणीत घालून उन्हात ठेवला आहे. शेजारच्या तुळजाबाई देवासाठी रोज दोन फुलं नेतात, रविवारच्या उपासनेला आई देवळातल्या मेजावर ठेवायला नेते. माझं गिऱ्हाईक दोन्हीकडे आहे.

तुला डॉसनसाहेब आठवणार नाहीत, तू फार लहान होतीस. ते ड्रायव्हर, मी त्यांच्या इंजिनावर फायरमन होतो. माणूस तोंडाचा फाटका, पण गुलाबापुढे उभा राहिला की आवाज खाली यायचा. ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा चार कुंड्या माझ्या दारात ठेवून गेले. म्हणाले, इंजिन तुला शिकवलंय, आता हेही शिक. मी गुडघ्यावर बसून शिकलो. खुंटावर कलमाचा डोळा कसा भरायचा, तो केळीच्या सोपटाने कसा बांधायचा, मावा किडीवर तंबाखूचं पाणी किती पातळ करून मारायचं, सगळं. आणि मग गार्ड मंडळी गावोगावहून काड्या आणून देऊ लागली. क्रिम्सन ग्लोरीची काडी बंगलोरहून ओल्या शेवाळात गुंडाळून आली, तेव्हा तू मॅट्रिकला होतीस. डोळा हिरवा आहे की काळा पडला, ते बघायला रोज सकाळी तू माझ्याआधी उठून जायचीस.

तर त्याच क्रिम्सन ग्लोरीची गोष्ट. या महिन्याच्या एक तारखेला माझी सुट्टी होती. आठ-साडेआठचं कोवळं ऊन पडलं होतं. मी झाडापाशी गेलो आणि पाहतो तर फुलं मळकी. जुन्या विटेवर धूळ बसावी तशी. मी आईला हाक मारून म्हणालो, "हे झाड गेलं. मुळाला काहीतरी लागलंय. उपटून टाकतो." आई हात पुसत बाहेर आली. तिने फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. "काय थट्टा करताय? एवढं लालभडक फूल या बागेत आजवर आलं नव्हतं." मला वाटलं, थट्टा तीच करते आहे. कुंपणापलीकडे तुळजाबाई भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, आवं कुकवावानी लाल हाय की! मळकं काय म्हंता? नजर लागंल झाडाला." मी कात्री घेऊन वांझ फांद्या काढू लागलो. टोपली भरली तेव्हा आईने त्यातून दोन टपोऱ्या लाल कळ्या बाहेर काढून माझ्यासमोर धरल्या. मी त्या पानं समजून छाटल्या होत्या.

आपल्या बापाला तू ओळखतेस. इंजिन नीट वाफ देत नसेल तर देवाला दोष देत बसायचं नाही, एकेक नळी तपासायची. मी आईला म्हटलं, बागेतल्या सगळ्या लाल आणि गुलाबी फुलांच्या पाकळ्या आण, चार पानंही आण, आणि माझ्यासमोर ताटात मिसळून ठेव. मी जुळवतो. जुळवल्या. काळपट लाल ब्लॅक प्रिन्सच्या पाकळ्या मी पानांशेजारी मांडल्या. क्रिम्सन ग्लोरीची एक पाकळी एका बाजूला आणि दुसरी भलतीकडेच गेली. पिवळ्या आणि पांढऱ्यांत एकही चूक नव्हती.  आई पाकळ्या पदरात गोळा करून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी तिथेच पायरीवर बसलो, आणि मनात जे दोन महिने दाबून ठेवलं होतं ते वर आलं. ते तुला सांगायलाच हवं. ऑक्टोबरात एकदा दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही पॅसेंजर घेऊन येत होतो. दिवसा सिग्नलचा हात दिसतो, तो वर आहे की खाली यावरून समजतं. पण अंधारून आलं की फक्त दिव्याचा रंग. एका लहान स्टेशनाच्या अलीकडे मी पाहिलं आणि म्हणालो, "मोकळा आहे." माझा फायरमन सत्यवान कोळसा टाकत होता. त्याने मान वर केली आणि फावडं फेकून ओरडला, "मामा, लाल हाय! लाल!" मी ब्रेक मारला. सिग्नलच्या अगदी अलीकडे गाडी थांबली. पुढे रुळावर मालगाडी आडवी होती. माझ्यामागे सात डबे माणसांनी भरलेले. मी सत्यवानला म्हणालो, डोळ्यात कोळशाचा कण गेला. स्वतःलाही तेच सांगितलं. पण त्या दिवसापासून अंधार पडला की मी नकळत सिग्नलऐवजी सत्यवानच्या तोंडाकडे बघायला लागलो होतो. हे मला त्या पायरीवर बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पोट बिघडल्याचं कळवून रजा टाकली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना सांगितलेलं माझं हे पहिलं खोटं. सत्यवान संध्याकाळी घरी आला. त्याला मी सगळं सांगून टाकलं. तो भला माणूस आहे, तीन लेकरांचा बाप आहे, घाईघाईने म्हणाला, "आवं, मी हाय न्हवं? मी रंग सांगत जाईन, तुमी गाडी चालवा. कुनाला कळतंय?" मी विचारलं, "आणि तू रजेवर असशील तवा रं?"  मग निरोप मिळताच शिरूरहून एस.टी.ने तुझे येशुदासकाका आले. त्यांचं म्हणणं, डोळ्यांची तपासणी पुढच्या जूनपर्यंत नाही. तोवर रूथची परीक्षा होऊन जाईल. दादा, तोंड बंद ठेव. त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नाही. माझ्याच काळजीने सांगितलं. खरं सांगू, एक अख्खी दुपार मला ते पटलंही होतं. इंजिनाच्या त्या लोखंडी फळीवर उभा राहिलो की मी गिदोन ड्रायव्हर असतो. खाली उतरलो की कोण, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी उठलो तर खाटेच्या दांड्यावर माझा पांढरा सदरा इस्त्री करून टाकलेला होता. आईने काही विचारलं नव्हतं, मी काही सांगितलं नव्हतं. मी तो अंगात घातला आणि चालत रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीची तारीख नसताना आलेला ड्रायव्हर पाहून ते चकित झाले. अंधाऱ्या खोलीत बसवून त्यांनी कंदिलातून बारीक दिवे दाखवले. एकेकाचा रंग मी सांगत गेलो. माझा आवाज ठाम होता, उत्तरं चुकत होती. खोलीचा पडदा सारल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, "माझ्याकडे गुलाब आहेत." मग त्यांनी विडी-तंबाखूचं विचारलं. मी लपवलं नाही. ते म्हणाले, "झाडावरचा मावा मारायला तुम्ही जे पाणी फवारता तेच पंचवीस वर्षं स्वतःला पाजता आहात. डोळ्याची नस मंदावली आहे." तू नर्स होते आहेस, तुला त्याचं नाव माहीत असेल. विडी-तंबाखू आजपासून बंद, रोज एक सुई, खाणंपिणं नीट. लाल रंग काही महिन्यांनी परत येईल किंवा अर्धा येईल. आंधळा मी होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण इंजिन बंद.

बाहेर आलो, शेडपाशी गेलो. माझंच इंजिन वाफ धरून उभं होतं. त्याच्यावर हात ठेवला आणि काढला. डोळे भरले होते, ते तुझ्यापासून लपवत नाही.  पण दोन महिने छातीवर ठेवलेलं वजन कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. काही ड्रायव्हर मला वेडा म्हणतात. दोघे मात्र गुपचूप माझ्याकडे येऊन विचारून गेले की ती पाकळ्यांची परीक्षा घरी कशी घ्यायची. त्यांना मी फुलं काढून दिली.

आता शेडमध्ये नव्या फायरमनना शिकवायचं काम मला दिलं आहे. पगार थोडा उतरेल, घर चालेल. मी शिकवतोही चांगलं. डॉसनसाहेबांच्या शिव्या वगळून बाकी सगळं देतो. हा क्वार्टर ड्रायव्हरचा, तो जानेवारीअखेर सोडायचा. नव्या घराला अंगण नाही. तेव्हा गुलाब शिरूरला जातील, आपल्या मिशनच्या मागच्या जागेत. इनामगावचे पोपटराव, जे माझ्याकडून दरवर्षी काड्या नेतात, त्यांचा गुळाचा ट्रक इथल्या मालधक्क्यावर येतो आणि रिकामा परत जातो. ते म्हणाले, "मास्तर, झाडं गोनपाटात बांधून ठिवा, पानी मारा, बाकी मी बगतो." मला ते आत्ताच मास्तर म्हणायला लागले आहेत! आणि शिरूरच्या त्या मुरमात सदतीस खड्डे कुणी खणले असतील? तोंड बंद ठेव म्हणणाऱ्या येशुदासकाकांनी. एकट्याने. हाताला फोड आलेत.

विडी-तंबाखू सोडून आज अकरा दिवस झाले. चिडचिड फार होते. आई म्हणते, काट्यांना बरं म्हणायची वेळ आली आहे. फुलांना मी आता वासाने ओळखतो. डोळे मिटून सांगतो, हा एडवर्ड, ही क्रिम्सन ग्लोरी, आणि आजवर एकदाही चुकलो नाही. रंग आई सांगते. तुझी आई रंगाबद्दल एवढं बोलते हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. काल एका फुलाला ती "पहाटे धगधगत्या चुलीच्या आतल्या बाजूसारखं" म्हणाली. मी ऐकतच राहिलो.

आता हे सगळं आजच, एका बैठकीत, का लिहितोय ते सांगतो. सकाळी येशुदासकाका खड्ड्यांची बातमी घेऊन आले होते. जाताजाता म्हणाले की त्यांनी तुला पत्र लिहून काल शिरूरला टपालात टाकलं आहे. त्यात त्यांनी लिहिलंय की दादाचे डोळे गेले, नोकरी गेली, तर तू शिक्षण सोडून घरी ये; शिरूरच्या शाळेत तुझ्यासाठी जागा बघून ठेवली आहे, आणि एक स्थळही. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी माझ्यासाठी खड्डे खणले त्याच मायेने ते लिहिलं आहे. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ते पत्र आधी हातात पडलं तर तू ट्रंक भरशील. म्हणून हे टपालात न टाकता दुपारच्या गाडीच्या गार्डकडे देतोय. तो पुण्याला मिरजेच्या गाडीच्या गार्डला देईल, आणि तो स्वतः तुझ्या दवाखान्याच्या फाटकावर आणून देणार आहे. एवढी वट या बापाची रेल्वेत अजून आहे. ऐक रूथ. मी गाडी योग्य जागी थांबवली आहे, ती कुणी खेचून थांबवलेली नाही. त्यासाठी तुझी गाडी थांबायचं काहीएक कारण नाही. परीक्षा एप्रिलात आहे, ती द्यायची. काकांचं पत्र उद्या-परवा येईल. ते वाच, त्यांना सलाम कळव, आणि ड्युटीवर जा.

तुझाच,
बाबा