उलट्या रिळांची कादंबरी

२ एप्रिल १९७९
पाडव्याला संकल्प केला: यंदा कादंबरी. नाव सुचत नाही म्हणून पहिलं पान अडलंय. स्टाफरूममध्ये मात्र सांगून टाकलं, सांगलीच्या मासिकाचे संपादक आप्पासो यांनी दिवाळी अंकासाठी माझी कादंबरी मागितली आहे. (त्यांच्या कार्डावर ‘पाठवा, पाहू’ एवढंच आहे. अर्थ तोच.) आता झाली नाही तर शाळेत तोंड दाखवायला जागा नाही.

१९ एप्रिल
आमच्या उंब्रजला तंबूतला सिनेमा आला. लेखकाने सिनेमाचा अभ्यास करायला हवा. पाहायला नव्हे, अभ्यासाला जातोय, हे विजयमालेला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “मी कुटं काय म्हनलं?” बायकोला साहित्यात रस नाही, हे दुःख फार थोड्यांना कळेल.

४ मे
आजचा सिनेमा थोर! बाप मरतो, आणि पुढे तासाभराने मुलाच्या लग्नात अक्षता टाकतो. नायिकेला आधी दोन मुलं, मग विहिरीवर नायकाची पहिली भेट. काळाची काय मोडतोड केलीय! मशीन चालवणारा गुंडा नावाचा पोरगा आहे, त्याला भेटून दिग्दर्शकाचं कौतुक केलं. तो म्हणाला, “गुरुजी, डब्यावरच्या चिठ्ठ्या निघाल्यात. कुठलं रीळ कुठं लागतंय, मलाबी कळंना.” अडाण्याला कला कळत नाही.

११ मे
आठव्यांदा पाहिला. अभ्यास.

२९ मे
पहाटे अंथरुणात अचानक कल्पना सुचली. कुठून आली कोण जाणे! एक बाप मरतो आणि नंतर मुलाच्या लग्नात अक्षता टाकतो. अंगावर काटा आला. असं मराठीत कुणी लिहिलेलं नाही. नायिकेला आधी मुलं, मग प्रेम. विहिरीऐवजी ओढा घेणार. विहीर फार वापरून झाली आहे.

१२ जून
तीन प्रकरणं झाली. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून विजयमाला रोज दुपारी पक्की प्रत करते. सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर वळणदार. आज विचारत होती, मेलेला माणूस परत कसा आला? म्हटलं, तू फक्त उतरव.

१८ जून
शेजारचे लालासाहेब बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलेत. येताना टीव्ही आणलाय. आपल्या गावात त्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. पण सोबत एक खेळाचा डबा आहे, तो जोडला की पडद्यावर दोन दांड्या आणि एक ठिपका. चकती फिरवून दांडी हलवायची, ठिपका परतवायचा. पोरखेळ! पाच मिनिटं बसलो, लालासाहेबांचा मान म्हणून.

१९ जून
संध्याकाळी तीन तास. हरलो. पण ठिपका परतवताना मन रिकामं होतं, आणि रिकाम्या मनातच कला येते.

२ जुलै
शाळेतून बिनपगारी रजा काढली, लेखनासाठी. हेडमास्तर हसले. हसा म्हणावं. अंक निघू दे.

९ जुलै
लालासाहेबांना १५–१३ ने हरवलं!! प्रकरण चार: दीड ओळ.

१४ जुलै
विजयमाला म्हणाली, “भाकरी गार हुती.” म्हटलं, नायकाचा स्वभाव मनात घोळवतोय. ती म्हणाली, “हितनं टक् टक् ऐकू येतंय.” बाईचे कान तिखट. मन मात्र कोतं.

२७ जुलै
दिवाळी अंकाच्या मुदतीला चार दिवस उरले. सहा प्रकरणं झाली, आठवं आणि शेवट डोक्यात तयार आहे. मधलं सातवं: नायिका घरी एकटी, नवऱ्याची वाट बघते. त्यात काय लिहायचं! घटनाच नाही. विजयमालेला सांगितलं, चार ओळी तूच घाल, मला शेवटाकडे बघू दे. तिने कागद पुढ्यात ओढले. मग म्हणाली, “घालते.”

३१ जुलै
रजिस्टर पोस्टाने रवाना! सातव्याची तिने चार ओळींऐवजी चार पानं केली आहेत. वाचायला वेळ नव्हता. अक्षर झकास.

२० ऑगस्ट
आप्पासोंचं उत्तर नाही. अर्थात. वाचून सुन्न झाले असणार.

४ सप्टेंबर
बाड परत आलं. सोबत पत्र. शब्दशः उतरवतो, म्हणजे आप्पासोंचा मत्सर पुढे कुणाला दाखवता येईल. ‘गुरुजी, माझी बहीण तुमच्या गावात दिली आहे. मे महिन्यात मीही त्या तंबूत होतो. तुम्ही सिनेमा उतरवलात तो उतरवलात, निदान रिळं तरी नीट लावायची. मात्र सातव्या प्रकरणाची चार पानं तेवढी तुमची स्वतःची आहेत. इतकं खरं मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही. ती कथा म्हणून छापतो. होकार आणि लेखक म्हणून कुठलं नाव घालायचं ते कळवा.’

रात्री ती पानं पहिल्यांदा वाचली. एक बाई आहे. नवरा मोठं काम करतोय, असं तो तिला रोज सांगतो. तिला शेजारून टक् टक् ऐकू येतं. शेवटची ओळ: ‘वाट बघायचं तिनं कवाच सोडलं होतं. चूल विझायची होती म्हणून ती बसली होती.’

दोनदा वाचलं. मग लाज वाटली. खरंच वाटली.

५ सप्टेंबर
विजयमालेला पत्र वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुमचंच नाव घाला. त्यातला मानूस तुमीच हाय.” म्हटलं, आणखी लिहिशील? म्हणाली, “आता काय न्हाई. हुतं ते लिवलं.”

पहिल्या कार्डावर तिचं नाव लिहिलं. ते फाडलं. हेडमास्तर, स्टाफरूम, सगळं डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या कार्डावर माझं लिहिलं. नाहीतरी संसार एकच आहे.

८ सप्टेंबर
कार्ड पेटीत टाकून लालासाहेबांकडे गेलो. घराला कुलूप. सकाळीच बोटीवर गेले, डबा घेऊन. न सांगता!

दिवस मावळायच्या आत घरी आलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा. विजयमाला जेवून, चूल सारवून बसली होती. मला दारात बघून दचकली. म्हणाली, “आवं, काय इसरला का?”

चष्मा, म्हणालो. तो डोळ्यांवरच होता.