समजा, पोरगी पास झाली

आये,

तुला कधी 'प्रिय' म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. उद्या दहा वाजता तुझा जलदानविधी आहे आणि त्यानंतर शोकसभा. त्या शोकसभेत माझा सत्कार ठेवलाय. नीट वाच, तुझ्या शोकसभेत माझा सत्कार. दुपारची माणसं जरा पांगली म्हणून पडवीत बसून हे लिहितेय. आज नाही लिहिलं तर उद्या माईकसमोर काय बोलायचं ते मला ठरवता येणार नाही.

सकाळी नाना आले होते. बौद्ध समाजाच्या गावशाखेचे अध्यक्ष म्हणून मंडप, खुर्च्या, जेवण सगळं त्यांनीच अंगावर घेतलंय. म्हणाले, "मुंबई शाखेची मंडळी समदी येनार हायत. परत कदी एका जागी गावायची? तुजा सत्कारबी उरकून घेऊ. तुज्या आयशीची लय विच्छा व्हती." सन्मानचिन्ह मुंबईतूनच करून आणलंय. त्यावर माझं नाव आणि खाली 'अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल'. कुठल्या पदी, आये? निदान ते तरी मला सांगून जायचंस.

मी मुख्य परीक्षेत नापास झाले त्याला दीड वर्ष होऊन गेलं. ते तुला माहीत होतं. वाडीत कुणालाच माहीत नव्हतं, हे मला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. शेजारची सुनंदा भाकऱ्या घेऊन आली, रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर हळूच म्हणाली, "आमच्या दिपीच्या जातीच्या दाखल्याचा तेवडा बग गो. तुज्या एका शब्दानं काम व्हईल." मी म्हटलं, माझा शब्द कोण ऐकतंय? तर म्हणते, "असा काय बोलतंस? आयस तुजी गेल्या म्हयन्यापर्यंत सांगत व्हती. पोर सायेब झाली, निस्ती ऑर्डर यायची हाय."

ऑर्डर यायची आहे. हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?

सुरुवातीला मला वाटलं, तुझी ऐकण्यात चूक झाली. तशी ती होतीही. पूर्व परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तुझ्या काजूच्या कारखान्याच्या फाटकापाशी येऊन मी तुला सांगितलं, "आये, पूर्व पास झाले." तू 'पूर्व' ऐकलंच नाहीस. तुझ्यासाठी पास म्हणजे पास, दहावी पास, बारावी पास, तशीच. चिकानं काळी पडलेली बोटं पदराला पुसलीस आणि आत जाऊन ओरडून सांगितलंस, "माजी सुजाता पास झाली." सगळ्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत वाडीत घरोघर साखर गेली होती.

तेव्हा मी तुला अडवलं नाही. मुख्य परीक्षा आहे, मग मुलाखत आहे, मग कुठं यादी, हे सगळं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. काकूचं तोंड बंद झालेलं बघून मलाही बरं वाटलं होतं. तीच काकू, जी दर मे महिन्यात विचारायची, "अजून पुस्तकाच खातंस काय?" वाटलं, मुख्य पण होईलच, मग कोण कशाला मोजतंय एक पायरी पुढे की मागे.

अभ्यासात तुला एकच गोष्ट आवडायची, खऱ्या-खोट्याची कोडी. बाकी गणितं, नकाशे, कलमं काढली की तू उठून चुलीकडे जायचीस. पण 'एका गावात दोन प्रकारचे लोक राहतात, काही नेहमी खरं बोलतात, काही नेहमी खोटं' असं मी वाचायला लागले की सुकटीची डोकी मोडता मोडता तू जागेवरच थांबायचीस. पहिल्यांदा म्हणाली होतीस, "असा गाव नसताच. आपल्या वाडीत बग, समदी थोडी थोडी दोन्ही हायत."

तरीही तू ते सोडवायचीस. आठवतंय? अ म्हणतो, 'आम्ही दोघेही खोटारडे आहोत.' तर अ कोण आणि ब कोण? मी वहीवर तक्ता आखत बसले होते. तू वर न बघता म्हणालीस, "अ खोटा." का? "खरा मानूस चारचौगांत सोताला खोटा कशाला म्हनंल?" आणि ब? "ब गप हाय बिचारा. म्हंजे खरा." उत्तर बरोबर होतं. ब बद्दलचं कारण साफ चूक होतं. मी पोट धरून हसले, तुलाही हसू आलं. मग मी तुला क्लासमधली रीत शिकवायला बसले. आधी 'समजा' म्हणायचं. समजा अ खरा आहे. मग त्याचं बोलणं पुढं नेत जायचं, कुठं अडतंय का बघायचं. अडलं की मागं फिरायचं आणि आपलं 'समजा' खोडून टाकायचं.

तुला ती रीत अजिबात पटली नाही. "एकदा धरला ता सोडायचा कशाला?" म्हणालीस.

आता कळतंय, तू अर्धीच रीत उचललीस. समजा, पोरगी पास झाली. हे धरलंस आणि पुढं नेत राहिलीस. मी रत्नागिरीला रोज जाते, का? ट्रेनिंग आहे. प्रत्यक्षात मी त्याच क्लासमध्ये पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवते, हे तुला चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळी एसटी भाट्याच्या पुलावर आली की मी तुला फोन करायचे, भात टाक म्हणून, आणि तू शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "झाला काय ऑफिस?" मला वाटायचं तू क्लासलाच ऑफिस म्हणतेस. किती सहज फसवलंस मला. आणि मी म्हणे पोरांना खोटं पकडायला शिकवते.

पण खरा राग येतो तो त्या दिवसाचा. मुख्यचा निकाल लागला त्या दिवसाचा. तू परसात शेणी थापत होतीस. मी म्हटलं, "यादीत नाव नाय आला. थोडक्यात गेला." तू हात तसेच ठेवून विचारलंस, "थोडक्यात म्हंजे किती?" मी आकडा सांगितला. दोनच मार्क. तुझा चेहरा उजळला. "मग झालीसच की गो जवळजवळ."

मला ते सहन झालं नाही. सहा वर्षं मी त्या पुस्तकांवर घालवली होती. मी ओरडले, "परीक्षेत जवळजवळ असं काही नसतं. तुला काय कळतंय त्यातलं? तुझा जन्म टरफलं फोडण्यात गेला."

बोलून गेले. तू पुढची शेणी थापायला घेतलीस. त्यानंतर परीक्षेचं नाव तू माझ्यासमोर कधी काढलं नाहीस. एकही कोडं विचारलं नाहीस. मी पुस्तक उघडलं की उठून जायचीस. मला वाटलं, दुखावली आहे, होईल बरी. मी माफी मागितली नाही. आज मागेन, उद्या मागेन करत राहिले, आणि तू कामावर बसल्या जागी कलंडलीस. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

घरात तू गप्प झालीस आणि बाहेर बोलायला लागलीस, असंच ना? घरात मी तुला ज्याच्यावरून टाकून बोलले, तेच तू बाहेर मिरवत होतीस. हे तू माझ्यासाठी केलंस की काकूसाठी? की टरफलं फोडण्यात गेलेल्या जन्माला काहीतरी फळ दिसावं म्हणून, स्वतःसाठी? विचारायला तू नाहीस. हे बरं जमलं तुला. सगळी वाडी कोड्यात टाकून निघून गेलीस आणि सोडवायला मला ठेवलंस.

सकाळपासून मी हेच सोडवतेय. सत्कार गुपचूप घेतला तर ऑर्डरची वाट सगळी वाडी बघत बसेल आणि सुनंदा दर आठवड्याला दाखल्याचं विचारेल. खरं ते सांगितलं, की आईला सगळं माहीत होतं आणि तरी ती सांगत राहिली, तर तुझ्याच शोकसभेत, तुझ्या फोटोसमोर, मी तुला खोटी ठरवायची. बौद्धाचार्यांनी त्याआधी नुकतंच पंचशील म्हटलेलं असणार, त्यात चौथं शीलही आलं, खोटं न बोलण्याचं. काकू पुढच्या खुर्चीत असेल. तिला आयुष्यभर पुरेल एवढं मिळेल.

म्हणून ऐक, उद्या काय होणार ते. माझं नाव पुकारलं की मी उठेन. शाल घेणार नाही. माईकवर सांगेन की मी पास झालेली नाही, आणि आईला मी पास झाल्याचं सांगितलं होतं. ती बिचारी शेवटपर्यंत तेच खरं धरून होती. नाना खाली बघतील. काकू विचारेल, "सख्ख्या आयशीला फसवलंस?" मी हो म्हणेन. माझ्याकडे बघून वाडीतल्या तीन पोरी याच परीक्षेच्या अभ्यासाला लागल्यात, त्याही ऐकतील.

मी तुला माफ केलेलं नाही, आये. तूही मला केलं नसशील. पण या वाडीत आपल्या घरातलं एकच माणूस खोटं म्हणून लक्षात राहणार असेल, तर ती तू नसशील. एवढं मी करीन.

तुझी,
सुजाता