दवाखान्यातली बसलेली बाई

सर, काल मी तुमच्या पहाडगंजात दिवसभर हिंडले. तुम्ही जन्मलात त्या गल्ल्यांमध्ये तुमची तीन शिल्पं आहेत हे मला ठाऊक होतं, तरी जवळजवळ चाळीस वर्षं याच शहरात राहून एकही बघायला गेले नव्हते. आता निवृत्त झालेय, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. कुणाशी मराठी बोलल्याशिवाय आठवडे जातात. म्हणून असेल, तुमची ती दिल्लीत वाढलेली मराठी आठवली. 'कलाईला आपल्यात काय म्हणतात गं?' तुम्ही विचारायचात. मी 'मनगट' म्हणून सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा विसरलेले असायचात.

आधी तुमच्या शाळेतला मुख्याध्यापकांचा अर्धपुतळा पाहिला. त्याला कुणीतरी सोनेरी ऑइलपेंट फासलाय, चष्म्याच्या काड्यासुद्धा सोनेरी. तुम्ही असतात तर वॉचमनवर ओरडला असतात. मी नुसती उभी राहिले. बागेतला पाणी पिणारा बैल मात्र छान आहे. पोरं बसून बसून त्याची पाठ गुळगुळीत झालीय. एका बाईने मला तिच्या मुलीचा त्याच्यावर बसलेला फोटो काढायला सांगितला. मी काढला. बैल कुणी बनवलाय ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तिसरं काम दवाखान्यातलं. तिकडे पाय वळत नव्हता. त्या बसलेल्या बाईचे हात तुम्ही मला करायला दिले होते. मी सांगलीहून शिकायला आलेली, बावीस वर्षांची. महिनाभर ती माती मी जपली, रोज संध्याकाळी ओलं गोणपाट गुंडाळून जायचे. एका सकाळी तुम्ही आलात, बराच वेळ बघितलंत, आणि माती कापायच्या तारेने दोन्ही हात मनगटापासून कापून बादलीत टाकलेत. 'सुंदर आहेत. पण हे हात कधी कुणाची वाट बघत बसलेले नाहीत. उद्या पुन्हा कर.' मी रडायला लागले. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टोव्हवर खिचडी टाकलीत, ताट माझ्यापुढे सरकवलंत. 'अच्छा, आधी खा, मग रड.' मी न खाताच उठले. दुसऱ्या दिवशी आले नाही, नंतर कधीच आले नाही. एका कंपनीत पाकिटांची डिझाइनं करण्यात माझी नोकरी संपली. हात तुम्ही स्वतःच केले असतील, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले, हा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळला.

ओपीडीच्या बाहेर, रांगेच्या टोकाला ती बसलीय. ब्राँझ काळं पडलंय. मी आधी मुद्दाम चेहराच बघत राहिले. मग खाली पाहिलं, तर हात नाहीतच. पदर पुढून ओढून घेतलाय आणि त्याखाली दोन्ही हात झाकलेत, कापडाला नुसता उंचवटा. मातीत तो पदर खांद्यावर होता, मला चांगलं आठवतं. तुम्ही दुसऱ्या कुणाला हात करू दिले नाहीत, आणि स्वतःही केले नाहीत. किती दिवस थांबला होतात, सर? कोण सांगणार आता.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी नंबराची पर्ची घेऊन बसली होती. मी केव्हाची बघतेय म्हणून म्हणाली, "ठंड लगती होगी बेचारी को."

"नहीं अम्मा," मी म्हटलं, "इसके हाथ मुझे बनाने थे."

तिला काय कळलं कुणास ठाऊक. ती जरा सरकली, मला जागा करून दिली. तिचा नंबर येईपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून राहिलो.

हे पाठवायला पत्ता नाही, तुमच्या वर्कशॉपच्या जागी आता हॉटेल आहे. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी कस्तुरबा गांधी मार्गावर ऑफिसात होते. निगमबोध घाटावरचं स्मशान तिथून लांब नाही. महत्त्वाची मीटिंग आहे, निघता येणार नाही, असं मी सांगितलं. मीटिंग नव्हती, सर.